वाळवण म्हणजे खत नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हरितगृह वायू कमी करण्याच्या राज्याच्या धोरणावरची परवाची बातमी वाचली. सौर पॅनेल, विजेवरच्या बसगाड्या, झाडे, सगळ्यांची हजेरी लागली आहे. ओल्या कचऱ्याला शेवटची चौकट मिळाली, आणि तिच्यात सोसायट्यांना सल्ला काय, तर चोवीस तासांत खत करणारे यंत्र बसवा. सल्ला देणाऱ्याने असल्या यंत्राचे झाकण एकदा उघडून पाहायला हवे होते.

वर तुकडे करणारी पाती, खाली दुहेरी भिंतीचे पिंप, त्याला हीटर, मधोमध फिरणारा दांडा आणि वाफ ओढून घेणारा पंखा, एवढाच त्याचा संसार. शिवाय 'एन्झाइम'ची पुडी. दुसऱ्या दिवशी दार उघडले की भाजलेल्या रव्यासारखी तपकिरी भुकटी हाती येते. चोवीस तासांत कचरा कुजत नाही, वाळतो. आपल्याकडे कुरडया-पापडही वाळवतात, त्यांना कोणी खत म्हणत नाही.

हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. शंभर किलो ओल्या कचऱ्यात साधारण ७५ किलो पाणी असते. भुकटी हातात घेण्याजोगी कोरडी व्हायची तर त्यातले ७० किलो उडवावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट, म्हणजे ४४ युनिट झाले. कचरा तापवायचे वेगळे. पंखा, मोटर आणि भिंतीतून वाया जाणारी उष्णता सोडून दिली तरी ५० युनिटांच्या आत हे बसत नाही. आपल्या बहुतांशी कोळशावरच्या विजेला युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर रोजचे ३५ किलो, वर्षाचे पावणेतेरा टन. पुण्यात एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देते. याचा अर्थ गच्चीवरचे साडेबारा किलोवॉट नुसते भाजीची देठे वाळवण्यात खर्ची पडणार. त्या पॅनेलांवर केंद्र सरकार सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजारांचे अनुदान देते, ते वेगळेच!

डेपोत सडून मिथेन होण्यापेक्षा हे बरे, असे विक्रेते सांगतात. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापदायक, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पट, हे खरेच आहे. पण भुकटीतला सेंद्रिय माल जसाच्या तसा शिल्लक असतो. गोण्या भरून बागेच्या कोपऱ्यात रचल्या आणि जूनचा पहिला पाऊस आत मुरला की राहिलेले सडणे तिथे सुरू होते, बिनहवेचे, म्हणजे पुन्हा मिथेनच. पटत नसेल तर मूठभर भुकटी पाण्याने ओली करून बरणीत घट्ट झाकून तीन दिवस ठेवावी आणि मग जपून उघडावी. झाकण फुस्स करते आणि वासाने बाकीचे कळते. तीच भुकटी कुंडीत घातली तर वर पांढरी बुरशी धरते आणि रोप पिवळे पडते, कारण अर्धकच्चा माल कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात.

क्रेट आणि फवाऱ्याचे यंत्र याहून निराळे. त्यात भुसा आणि कुजवणाऱ्या जिवाणूंचे विरजण मिसळून माल पंधरा दिवस क्रेटमध्ये ठेवतात, निदान कुजायला वेळ तरी मिळतो. पण खरे पाहता यंत्राची गरजच नाही. जाळीचे दोन-तीन कप्पे, तळाला विटांचे तुकडे आणि काटक्या, मधोमध हवेसाठी उभा, भोके पाडलेला पीव्हीसी पाइप. एक बादली ओला कचरा, त्यावर एक ते दीड बादली चुरलेला पाला. कर्ब (तो पाल्यातून येतो) आणि नत्र (ते ओल्या कचऱ्यातून) यांचे प्रमाण पंचवीस-तीसास एक राहिले पाहिजे. अमोनियाचा झणका आला तर पाला कमी पडला, सडक्या अंड्याचा आला तर हवा कमी पडली. मूठ दाबून एखाद-दुसरा थेंब निघावा, धार लागली तर कोरडे घालावे. चौथ्या दिवशी लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढली की हाताला चटका बसला पाहिजे. आत ५५ ते ६५ अंश असतात. दर तीन-चार दिवसांनी खालवर करावे. हे टाळले की खड्ड्यातही मिथेनच होतो, म्हणून नुसता खड्डा खणून पुण्य लागत नाही. महिना-दीड महिन्याने चार मिलिमीटरच्या चाळणीतून पडते आणि मातीचा वास येतो, ते खत. त्यात मेथी पेरून पाहावी. नीट उगवली तर काम झाले.

यातली खरी अडचण पाल्याची. थंडीत रस्तोरस्ती तोच पाला झाडून, ढीग करून पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, हे जाळणाऱ्यालाही ठाऊक असते. आणि त्याच सोसायट्या भुसा आणि कोकोपीट विकत आणतात. गोण्या भरून पाला साठवायला जागा द्या, एवढे धोरणात घालायला कोणती समिती लागते?

चोवीस तासांचे ते यंत्र बिघडते तेही ठरलेल्या गोष्टींनी. मे महिन्यात आंब्याच्या कोयी, एरवी शहाळी आणि हाडे, गणपतीत निर्माल्याचे दोरे. दोरा दांड्याला गुंडाळला की मोटर घुमते आणि तापून जळते. मग यंत्र ताडपत्रीखाली जाते, कचरा मागच्या दाराने गाडीत. कागदावर मात्र सोसायटी 'प्रक्रिया करणारी' राहते. २०१६ च्या नियमांनी दिवसाला शंभर किलोंवर कचरा करणाऱ्यांना जागेवर प्रक्रिया सक्तीची केली, पालिका मिळकतकरात पाच ते दहा टक्के सवलतही देते. ती देताना यंत्राला वेगळा वीजमीटर लावा, चाळलेल्या खताचे वजन मागा आणि भुकटीची बरणी मी वर सांगितली तशी तीन दिवस अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे

ता. क. : बातमीत 'दुर्गंधीयुक्त मिथेन' छापले आहे. मिथेनला वास नसतो, म्हणूनच पाइपच्या गॅसला मुद्दाम लावावा लागतो. आणि 'टन कार्बन' व 'टन कार्बन डायऑक्साइड' एकाच परिच्छेदात आलटून पालटून वापरले आहेत. एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलच्या दरात एवढा फरक छापला असता तर दुसऱ्याच दिवशी दिलगिरी आली असती.