गारपिटीचे चित्र जिन्यातून बाहेर काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाला एका दिवंगत चित्रकाराच्या कुटुंबाने मोठे तैलचित्र भेट दिले आहे. विषय आहे माघातल्या अवकाळीत सापडलेले तोरणमाळ, आपल्या सातपुड्यातले थंड हवेचे ठिकाण. तिथल्या सीताखाई दरीच्या कड्यावर काळाजांभळा ढग उतरलाय, झाडे एका अंगाला वाकलीत, उतारावर गारांचा पांढरा खच पडलाय. असे चित्र वाचनालयाने लावले कुठे, तर जिन्याच्या वळणावर, ट्यूबलाइटखाली, वरून काच ठोकून!

जिना अरुंद आहे. बघणाऱ्याला मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे नाकासमोर येतात ते नुसते रंगाचे जाड फटकारे. परवा एक गृहस्थ सोबतच्या मुलांना म्हणाले, "नुस्ता रंगना गोया शेतस." (नुसते रंगाचे गोळे आहेत.) मला वाईट वाटले, पण तिथे उभे राहून दुसरे काय दिसणार? हे दृक्प्रत्ययवादी, म्हणजे इम्प्रेशनिस्ट पद्धतीचे काम आहे. यात रंग पॅलेटवर घोटून एकजीव करत नाहीत, निळ्याशेजारी नारिंगी तसाच ठेवतात आणि दुरून बघणाऱ्याची नजर तो जुळवून घेते. पॅरिसमध्ये 1874 साली या चित्रकारांनी पहिले प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांनाही 'अर्धवट काम' म्हणून हिणवले गेले होते. बारा-पंधरा फूट मागे जा, त्याच फटकाऱ्यांतून वारा वाहताना दिसेल.

गारा पांढऱ्या असतात, मग चित्रात निळ्या का, असेही विचारतात. चित्रात ढग थोडा फाटून एका कडेवर ऊन पडले आहे. तेवढ्या गारा पिवळसर आहेत. सावलीतल्या गारांवर उजेड येतो तो फक्त आकाशाचा, म्हणून त्या निळसर. पौषात सकाळी सातपुड्यातल्या डाब गावाकडे दव गोठते, तेव्हा सावलीतल्या गवताकडे नीट पाहा, हाच निळा दिसेल. याच पद्धतीच्या फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने बर्फावरच्या अशाच निळ्या सावल्या रंगवलेले चित्र 1869 मध्ये पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने नाकारले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात मानाने टांगलेले आहे. हाच मोने 1895 च्या हिवाळ्यात नॉर्वेला गेला आणि कोलसोस नावाचा एकच डोंगर बदलत्या हवेत पुन्हा पुन्हा रंगवत बसला. बर्फ पडत असताना दाढीला बर्फाच्या कांड्या लोंबत होत्या, असे त्याने मित्राला कळवले होते. हवा रंगवायची तर हवेत उभे राहावे लागते.

मी धडगावकडे चित्रकला शिकवली. 'डोंगर काढा' म्हटले की मुले तीन त्रिकोण आणि मधोमध सूर्य काढत. ज्यांच्या दारात सातपुडा उभा आहे, ती मुले! गारा पडल्या की घरचा गहू आडवा होतो, पपईची पाने फाटून जातात, हे सगळे त्यांनी पाहिलेले असते, पण ते चित्रात आणता येते हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. आणि दाखवण्याजोगे चित्र आपण जिन्यात कोंडून ठेवले आहे.

जिन्यात दिवसाचा उजेड नाही, त्या अंधाराने चित्राचे नुकसानही होत आहे. तैलरंगात जवसाचे तेल असते आणि ते अंधारात पिवळे पडते. गारांचा पांढरा आताच मळकट दिसू लागलाय. उजेडात हा पिवळेपणा बराच उतरतो, मात्र थेट ऊन नको. जिन्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, तो धोका वेगळाच. आणि दिवाळीच्या साफसफाईत कुणी कॅनव्हास ओल्या फडक्याने पुसू नये, ही हात जोडून विनंती.

वाचन कक्षात उत्तरेला मोठ्या खिडक्या आहेत. त्यांच्या बाजूच्या कोरड्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला हे चित्र लावावे. फ्रेमच्या मागे थोडी हवा खेळू द्यावी, काच काढावी आणि समोरचे एक टेबल सरकवून मागे उभे राहायला जागा करावी. चित्राखाली चित्रकाराचे नाव नाही, तेही लिहावे. समितीने होकार दिला तर माझे जुने विद्यार्थी आणि मी येऊन एका सकाळी हे काम करून देऊ. शिडी आणि खिळे आम्हीच आणू.

आपली वाचक,
एक निवृत्त कलाशिक्षिका, शहादा