भाड्याने दिलेल्या घराच्या बॉयलरची दुरुस्ती नाकारल्याबद्दल तक्रार

दिनांक : 2 फेब्रुवारी 2026

प्रति,
व्यवस्थापक, तक्रार विभाग,
ग्राहक सेवा केंद्र, पुणे

विषय : लेस्टर येथील घराच्या बॉयलर विमा योजनेखालील दावा नाकारल्याबाबत

महोदय,

इंग्लंडमधील लेस्टर येथील माझ्या घराच्या कॉम्बी बॉयलरसाठी (खोल्या तापवणारे रेडिएटर आणि नळाचे गरम पाणी या दोन्हींसाठीचे एकच यंत्र) मी 2019 पासून आपली योजना घेतलेली आहे. 2023 मध्ये आम्ही कायमचे पुण्यास परतलो, तेव्हा घर भाड्याने देत असल्याचे मी दूरध्वनीवरून कळवले. त्यावर आपण ती योजना बदलून घरमालकांसाठीची केली, दरमहा हप्ता 17 पौंडांवरून 24 पौंड केला आणि तसे पत्रही पाठवले. (आपल्या प्रतिनिधींशी माझे बोलणे मराठीतच होत आले आहे, म्हणून हे पत्रही मराठीत लिहीत आहे.)

यंदा 6 जानेवारीला त्या घरातील सर्व रेडिएटर थंड पडले. नळाला मात्र गरम पाणी येत होते. भाडेकरूंचे बाळ सात महिन्यांचे आहे. आपला तंत्रज्ञ तीन दिवसांनी, 9 जानेवारीला आला आणि वीस मिनिटांत काही दुरुस्त न करता परत गेला. प्रथम मला सांगण्यात आले की, घरात मालक स्वतः राहत नसल्याने योजना लागू होत नाही. मी 2023 चे आपलेच पत्र पाठवताच त्याच संध्याकाळी कारण बदलले : पाइपांत काळा गाळ साचला आहे, दोष जुनाच आहे, तेव्हा आधी स्वखर्चाने पॉवर फ्लश (जोराने पाणी सोडून पाइप व रेडिएटर धुणे) करून घ्यावे.

हे दुसरे कारण मला मान्य नाही. आपल्याच कंपनीच्या तंत्रज्ञाने 21 नोव्हेंबर 2025 रोजी, म्हणजे बिघाडाच्या जेमतेम सात आठवडे आधी, या बॉयलरची वार्षिक सर्व्हिसिंग आणि गॅस सुरक्षा तपासणी केली होती. गॅस तपासणीत केवळ सुरक्षितता पाहतात, गाळ पाहत नाहीत, असे आपण म्हणाल, आणि ते खरेही आहे. परंतु सर्व्हिसिंगच्या कागदावर ‘रेडिएटरमधील पाणी’ या रकान्यापुढे ‘समाधानकारक’ असे लिहून त्याने सही केलेली आहे. शिवाय 9 जानेवारीला आपल्या तंत्रज्ञाने एका रेडिएटरमधून पांढऱ्या वाडग्यात काढलेल्या पाण्याचा फोटो भाडेकरूने त्याच वेळी घेतला होता. त्यात पाणी फिकट चहाच्या रंगाचे असून वाडग्याचा तळ स्वच्छ दिसतो. आपल्या अहवालातील ‘दाट काळा गाळ’ कोणत्या वाडग्यात होता, हे मला समजलेले नाही.

इंग्लंडमधील 1985 च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या कलम 11 प्रमाणे घर व पाणी तापवण्याची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी माझी असल्यामुळे, आपला वाद मिटेपर्यंत भाडेकरूंना थंडीत ठेवणे मला शक्य नव्हते. म्हणून 12 जानेवारीला गॅस सेफ नोंदणी (ब्रिटनमधील गॅस तंत्रज्ञांची अधिकृत नोंदणी) असलेल्या दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याला डायव्हर्टर व्हॉल्व्हची, म्हणजे बॉयलरची उष्णता रेडिएटरकडे किंवा नळाच्या पाण्याकडे वळवणाऱ्या झडपेची, मोटर जळालेली आढळली. हा बिघाड विजेचा असून गाळाशी त्याचा संबंध नाही, असे त्याने लेखी दिले आहे. मोटर बदलताच, कोणताही फ्लश न करता, तासाभरात सर्व रेडिएटर तापले आणि ते आजतागायत व्यवस्थित चालू आहेत. या दुरुस्तीस 240 पौंड आणि मधल्या दिवसांसाठी घेतलेल्या दोन विजेच्या हीटरना 78 पौंड खर्च आला.

तरी हे 318 पौंड मला परत मिळावेत, तसेच माझ्या खात्यावरील ‘जुना दोष’ ही नोंद काढून टाकून तसे लेखी कळवावे. पैशांइतकीच ही नोंद मला महत्त्वाची वाटते, कारण ती तशीच राहिली तर पुढच्या प्रत्येक बिघाडाच्या वेळी तीच माझ्यापुढे ठेवली जाईल. आपले अंतिम उत्तर आठ आठवड्यांत न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास मी हे प्रकरण ब्रिटनच्या फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे (विमा व इतर आर्थिक सेवांविषयीच्या ग्राहक तक्रारींचा निवाडा करणारी संस्था) नेईन.

2023 चे पत्र, सर्व्हिसिंगचा कागद, वाडग्याचा फोटो, दुसऱ्या तंत्रज्ञाचा अहवाल आणि तिन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत. जळालेली मोटर भाडेकरूंनी जपून ठेवली आहे. आपणास तपासायची असल्यास ती लेस्टरच्या घरी पाहता येईल.

आपली,
योजनाधारक घरमालकीण