मंत्रीमहोदय, ऑडिटचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

प्रति,
मा. वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स.न.वि.वि.

२७ जानेवारी २०२६ रोजी युरोपीय संघाबरोबरच्या व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि आमच्या सोलापुरात यंत्रमागवाल्यांनी एकमेकांना फोन केले. कापडावरचं बारा टक्क्यांपर्यंतचं आयात शुल्क शून्यावर येणार म्हणजे टेरी टॉवेलला बरे दिवस येणार. त्याबद्दल आपलं अभिनंदन करायचं राहून गेलं होतं, ते आधी करतो.

आता मूळ विषय. गेल्या आठवड्यात एका युरोपीय बायरने माझी ऑर्डर होल्डवर टाकली. माल तयार आहे, कार्टन भरून पडलेत, सूतवाला रोज पैशाची आठवण करतो. मालात खोट नाही. वजन बरोबर, रंग पक्का. खोट एवढीच की त्यांनी पाठवलेल्या प्रश्नावलीची शेवटची पानं मी कोरी ठेवली. त्यात विचारलं होतं की माझं सूत ज्या गिरणीतून येतं, ती गिरणी ज्या जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, गाठी घेते, तिथे किती बायका कामाला आहेत, त्यांची मजुरी किती आणि तक्रार करायला त्यांना सोय काय. मी ओळखीने एका जिनिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "शेठ, टॉवेल विणताय की जनगणना करताय?"

कारण म्हणून मेलमध्ये युरोपच्या एका कायद्याचं नाव होतं: कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीत माणसांचे हक्क आणि पर्यावरण यांची काळजी घेतली पाहिजे, असं सांगणारा २०२४ सालचा निर्देश क्रमांक १७६०. आमच्यासारख्याने असलं काही वाचायचं नसतं, हे मला कळतं. पण रात्रपाळीला वेळ असतो. वाचला.

महोदय, हा कायदा मला लागूच नाही. ज्या कंपनीकडे हजाराहून जास्त कर्मचारी आणि पंचेचाळीस कोटी युरोंहून जास्त उलाढाल, तिच्यासाठी तो होता. माझ्याकडे पस्तीस माणसं आहेत. पुढे तिकडच्या मोठ्या लोकांना हेही जड झालं. २०२५ च्या मे महिन्यात जर्मनीचे चान्सलर मेर्त्झ आणि फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ, दोघांनीही हा कायदा मोडीतच काढा म्हणून सांगितलं. डिसेंबरमध्ये ब्रुसेल्सला तडजोड झाली. पाच हजार कर्मचारी आणि दीडशे कोटी युरो उलाढाल यांच्या खालचे सगळे सुटले, दंडाची कमाल मर्यादा उलाढालीच्या तीन टक्क्यांवर आली, आणि अंमल गेला २०२९ च्या जुलैवर. त्यांच्या कंपन्यांना दम लागला तर अख्खं युरोप थांबतं. माझी ऑर्डर मात्र २०२६ मध्येच अडकली. जो कायदा अजून लागू व्हायचाय, तो सोलापुरात आधी पोचला! आमची पालखीसुद्धा इतक्या वेगाने चालत नाही.

त्याच कायद्याचं कलम १० जरा मागवून वाचा. २०२४ साली छापलेल्या मजकुरात स्वच्छ लिहिलंय की लहान पुरवठादाराबरोबरच्या कराराच्या अटी न्याय्य आणि वाजवी हव्यात, आणि त्याची तिसऱ्या पक्षाकडून तपासणी करायची तर खर्च कंपनीने सोसायचा. कंपनीने, म्हणजे बायरने. पुरवठादार स्वतःहून वाटा उचलतो म्हणाला तरच वेगळी गोष्ट. आजवर एकाही बायरने माझ्या ऑडिटचा, म्हणजे या तपासणीचा, एक रुपया दिलेला नाही. ऑडिटरची फी, त्याचं हॉटेल, स्टेशनपासूनची गाडी, सगळं माझ्या खात्यातून. एका ऑडिटचे लाखाच्या घरात जातात. आणि हे प्रत्येक बायरसाठी वेगळं. एकाचं सर्टिफिकेट दुसऱ्याला चालत नाही. तेच फायर एक्स्टिंग्विशर, तेच हजेरीबुक, तोच मी, फक्त ऑडिटर नवा.

मी विचारलं, सगळे मिळून एकच ऑडिट का मानत नाही? तर उत्तर आलं की आम्ही एकमेकांचे स्पर्धक आहोत, पुरवठादारांची माहिती एकमेकांना दिली तर स्पर्धा कायदा मोडेल. वा! युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये स्पर्धकांमधल्या सहकार्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात शाश्वततेवर, म्हणजे माणसं आणि पर्यावरण जपण्यावर, अख्खं प्रकरण आहे. पुरवठादार कसे काम करतात याच्या सर्वसाधारण माहितीचा एकत्र साठा ठेवायला हरकत नाही, मात्र अमक्याकडून घ्या, तमक्याकडून घेऊ नका अशी सक्ती करायची नाही, असं त्यात आहे. म्हणजे सोय आहे. वापरायची कोणी? ऑडिटचं बिल दुसरा भरतोय तोवर कोणालाच घाई नाही.

मग आम्ही चार-सहा यंत्रमागधारक बसलो. म्हटलं, ऑडिटचा खर्च भागेल एवढा दर आपणच मिळून लावू. सीएने हात जोडले. म्हणाला, असं मिळून दर लावणं म्हणजे कार्टेल, स्पर्धा कायदा ते चालवून घेत नाही. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात कलम ३ खाली निव्वळ निर्यातीच्या मालापुरत्या करारांना सूट आहे, पण युरोप ती मानत नाही. लाकडाच्या लगद्याच्या प्रकरणात १९८८ सालीच त्यांच्या न्यायालयाने ठरवून टाकलंय की किंमत बाहेर बसून ठरवली तरी माल आमच्या बाजारात विकला तर कायदा आमचा. त्यांचे स्वतःचे शेतकरी मात्र शाश्वततेसाठी व्यापाऱ्यांशी एकत्र करार करू शकतात. त्यांच्या शेती कायद्यात २१० अ नावाचं खास कलम त्यासाठीच घातलंय. द्राक्षवाला फ्रेंच असेल तर ते सहकार्य, टॉवेलवाला सोलापूरचा असेल तर तो कार्टेल.

कोणी म्हणेल, याला नियमच नकोत. तसं नाही. १८ मे २०२५ ला आमच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. त्यात मालक होते, त्यांच्या घरातलं तान्हं मूल होतं, कामगार होते. त्या दिवसापासून मी रात्री जिन्याखाली गाठी ठेवू देत नाही. पण मला सांगा, कागदाने कोण वाचलंय? कराचीच्या ज्या कारखान्यात सप्टेंबर २०१२ मध्ये अडीचशेवर माणसं जळाली, त्याला आगीच्या काही आठवडे आधीच चांगल्या कारखान्याचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळालं होतं. पुढच्या वर्षी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेवर माणसं मेली. तिथल्या कारखान्यांचीही ऑडिटं झालेली होती.

माझ्याकडे ऑडिटर येतो तेव्हा खिडकीची जाळी मोजतो, बाथरूमचा फोटो काढतो, कामगाराला कोपऱ्यात नेऊन विचारतो की शेठ ओरडतो का. (ओरडतो. मागावर सुताचा बीम चुकीचा चढवला तर तुम्हीही ओरडाल.) पण टॉवेलचा दर वर्षानुवर्षं तिथेच का अडकलाय आणि त्या दरात ओव्हरटाइम दुप्पट कसा द्यायचा, हे तो कधीच विचारत नाही, कारण ते उत्तर त्याला ज्याने पाठवलं त्याच्या ऑफिसात आहे.

आणि तुमच्याकडचे लोक? निर्यातदारांच्या एका सभेत एका साहेबांनी मंचावरून शब्द दिला होता की लहान कारखान्यांसाठी मदतकक्ष उघडू, एकच ऑडिट सगळीकडे चालेल असं बघू. साहेबांचं खातं लिहीत नाही, उगाच बदली व्हायची. मदतकक्षाचा नंबर दिला होता, त्यावर पुढचा नंबर सांगतात. कारखान्याची तपासणी हे सरकारचं काम होतं ना? ते तुम्ही केव्हा सोडलं आणि तो हॉटेलात उतरणारा ऑडिटर आमचं सरकार केव्हा झाला, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आग विझवणारी गाडी, रस्ता, सांडपाण्याची सोय यांतलं काहीही मागायला गेलं की निधी नाही. कामगार कायदे बदलायला वेळ मिळतो, कराराची घोषणा करताना फोटो काढायला वेळ मिळतो.

युरोपबरोबरच्या व्यापार करारात शाश्वत विकासाचं प्रकरण आहे म्हणतात. त्यावर पुन्हा टेबलाला बसाल तेव्हा एवढं लेखी घ्या: लहान पुरवठादाराच्या तपासणीचा खर्च बायरचा, एका ठिकाणचं ऑडिट सगळ्यांना मान्य, आणि असं ऑडिट वाटून घेणं हे कार्टेल नाही, असं युरोपीय आयोगाच्या सहीचं पत्र. तिसरं मिळालं तर पहिली दोन आम्ही आमची बघून घेऊ. आणि नाहीच जमलं, तर निदान तुमच्या खात्याने तो जिनिंगवाला शोधून त्याच्याकडे किती बायका आहेत ते मला कळवावं. प्रश्नावलीची मुदत महिनाअखेरीस संपते.

आपला,
एक यंत्रमागधारक, सोलापूर