गिझर बदलला, अर्थिंगचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की गिझरचा शॉक बसल्याची एखादी बातमी आपल्या पानावर येतेच. कारण बहुतेकदा 'गिझरमधील बिघाड' एवढंच असतं. आमच्याकडे हा प्रकार नुकताच थोडक्यात निभावला. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जे पाहिलं त्यावरून सांगते, हे कारण अर्धंच आहे.

आम्ही वाघोलीत राहतो. पाणी काही बोअरचं, काही टँकरचं. बादलीच्या काठाला पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही. डिसेंबरात धुणंभांडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, गरम नळाला हात लावला की मुंग्या येतात." मी नळ धरून पाहिला, मला काहीच जाणवलं नाही. "गारठ्यानं होत असेल," म्हणून मी विषय संपवला. याची आज लाज वाटते. माझ्या पायात रबरी स्लिपर होती आणि मावशी ओल्या फरशीवर अनवाणी होत्या, हे दोन दिवसांनी डोक्यात शिरलं. मग नळाला टेस्टर लावला, तर दिवा लागला. गिझरचं बटण बंद केल्यावर विझला.

त्याच सुमारास गरम नळाला सकाळी पहिलं पाणी तांबूस यायचं, थंड नळाचं मात्र स्वच्छ. म्हणजे गंज लाइनीत नव्हता, टाकीत होता. प्लंबर म्हणाला करंटचं काम वायरमनचं, वायरमन म्हणाला पाणी त्याच्याकडे येत नाही. शेवटी दोघांना एकाच वेळी बोलावून गिझर खाली उतरवला.

आत दोन ओंजळी चुन्याचे पापुद्रे निघाले. टाकीच्या लोखंडाला आतून काचेसारखा मुलामा असतो, आणि त्याला जिथे बारीक चीर असेल तिथे गंज धरू नये म्हणून मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. ती लोखंडाच्या आधी स्वतः झिजते, तेवढंच तिचं काम. आमची कांडी झिजून आतली लोखंडी तार तेवढी उरली होती. क्षारांच्या पाण्यात ती वर्षातून एकदा काढून पाहायची असते. सहा वर्षांत आम्ही तिचं नावही ऐकलं नव्हतं. कॉइलवरही चुन्याचा जाड लेप होता. लेपाखाली उष्णता कोंडते, कॉइलची तांब्याची नळी जागोजागी तापून कुजते. एकदा नळीला टाचणीएवढं भोक पडलं की आतली, वीज अडवून धरणारी पांढरी भुकटी ओली होते आणि वीज पाण्यात, टाकीत उतरते.

प्लंबरचं मत होतं की अर्थिंग नसल्यामुळे टाकी कुजली. मला ते पटलं नाही. टाकी कुजली ती पाण्यानं आणि संपलेल्या कांडीनं. पण कुजलेल्या कॉइलमधली वीज नळापर्यंत आली ती मात्र अर्थिंग नव्हतं म्हणूनच. आपण नवा गिझर आणून पहिलं दुखणं बरं करतो. दुसरं भिंतीत तसंच राहतं आणि पुढची कॉइल फुटायची वाट पाहतं.

सॉकेट उघडलं, तर अर्थिंगची हिरवी वायर टेप गुंडाळून मागे सारलेली. वरच्या जाड पिनला काहीच जोडलेलं नव्हतं. मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच (जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबी म्हणतात), हवा होता. तो आधीच्या मालकांनी 'सारखा पडतो' म्हणून काढून थेट जोडणी करून घेतली होती. तो बिचारा खरं बोलत होता.

वायरमननं सुचवलेला उपाय ऐकून मात्र अंगावर काटा आला. "न्यूट्रलमधून अर्थच्या पिनला जंपर मारतो, पाच मिनिटांचं काम." हा जंपर हजारो घरांत असेल. त्यानं सगळं ठीक वाटतंही, टेस्टर लागत नाही. पण बोर्डाच्या मागे न्यूट्रल कुठे सैल झाला किंवा तुटला, की गिझरमधून आलेली वीज त्याच जंपरवरून टाकीच्या अंगावर येते. तेव्हा कॉइल अगदी धडधाकट असली तरी नळाला २३० व्होल्ट. नळाच्या पाइपालाच अर्थ जोडणं हाही असलाच जुना शहाणपणा. लोखंडी पाइप जमिनीत गाडलेले होते तेव्हा ते थोडंफार चालून जायचं. आता सगळीकडे प्लास्टिकचे पाइप आहेत.

मग अर्थिंगचा खड्डा शोधला, म्हणजे इमारतीची अर्थची वायर जमिनीला मिळते ती जागा. तो पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेला होता, कमिटीत कुणालाही ठाऊक नव्हता. उघडला तर कोळसा, मीठ आणि त्या मिठानंच खाल्लेली पट्टी. खाली मुरूम आणि काळा खडक, ओलावा नाहीच. वीज जमिनीत उतरायला किती अडथळा होतो ते यंत्र लावून मोजलं, ६० ओहम. हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. हिशेब साधा आहे: २३० भागिले ६० म्हणजे पावणेचार अँपिअरच्या आसपास. गिझरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, १६ अँपिअरचा. तो यावर कधीच पडणार नाही, आणि टाकीवर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसंच राहील. म्हणजे हिरवी वायर जोडलेली असती तरी तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र एवढ्या गळतीवर लगेच पडतो. अर्थिंग जोडलेलं असेल तर हात लागायच्या आधीच पडतो, नसेल तर आधी आपल्याला झटका बसतो आणि मग तो पडतो. त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. त्यातून आरसीसीबी जिवंत आहे एवढंच कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही.

माझी मागणी यासाठीच आहे. मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्यानंतर इमारत पडेपर्यंत खड्डा कुणी मोजत नाही. सोसायट्या लिफ्ट आणि पाण्याची टाकी तपासून घेतात, तसा अर्थिंगचा आकडाही दरवर्षी सूचनाफलकावर लागला पाहिजे. आणि मोजणी मे महिन्यात व्हावी. पावसाळ्यात जमीन ओली असते, तेव्हाचा आकडा खोटा दिलासा देतो.

आमचा प्रस्ताव कमिटीत एका मतानं पास झाला. एका मतानं म्हणजे एकमतानं नव्हे, एका मताच्या फरकानं. नवा खड्डा घेतला आहे, झाकणावर पिवळा रंग मारला आहे. मावशी मात्र अजूनही नळ सोडण्याआधी हाताच्या उलट्या बाजूनं टिचकी मारून बघतात. मेमध्ये पुन्हा मोजणार आहोत. आकडा चांगला आला नाही तरी आपल्याला कळवीन.

आपली,
एक वाचक,
वाघोली, पुणे