सिबारिस विरुद्ध क्रोटोन

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

भाऊबंदकीचे दावे चालवून वीट आला, असं लिहिलंस. मग आणखी एक घे, अडीच हजार वर्षांपूर्वीचा.

दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरची सिबारिस आणि क्रोटोन ही ग्रीक शहरं. दोन्ही ग्रीसमधल्या अकाइया प्रांतातून आलेल्यांनी वसवलेली. रक्त एक, बोली एक, देवही तेच. आधी दोघांनी मेटापोंटम या शहराला हाताशी धरून शेजारचं सिरिस हे आयोनियन, म्हणजे दुसऱ्या शाखेच्या ग्रीकांचं, शहर बुडवलं. परका संपला, मग एकमेकांकडे वळले.

इ.स.पू. 510 च्या सुमारास सिबारिसचा पुढारी टेलिस यानं पाचशे धनिकांना हाकलून त्यांची मालमत्ता जप्त करवली. ते क्रोटोनच्या आश्रयाला गेले. 'परत द्या, नाहीतर लढा,' असा सिबारिसचा निरोप आला. शरणागतांना सोडू नका, असं क्रोटोनकरांना कुणी समजावलं? प्राचीन ग्रीक इतिहासकार डायोडोरस म्हणतो, पायथागोरसनं. हो, शाळेतल्या प्रमेयाचाच! सेनापती होता मायलो, ऑलिंपिकचा नामांकित मल्ल. सिबारिस पडलंच, वर त्यावरून क्राथिस नदी वळवली, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. एवढा राग सख्ख्यांवरच निघतो, हे तुला मी काय सांगावं?

मला खरी गंमत वाटते ती ग्रीसमधल्या ऑलिंपियात सापडलेल्या काशाच्या पत्र्याची. त्यावर सिबारिस आणि सर्दाइओई नावाच्या लोकांचा करार कोरलाय: मैत्री निष्कपट आणि कायमची. जामीनदार झ्यूस, अपोलो, इतर देव आणि पोसिडोनिया हे शहर. पोसिडोनिया म्हणजे सिबारिसचीच वसाहत! घरचाच जामीन तू तरी मान्य केला असतास का?

दूरच्या, आजच्या तुर्कस्तानातल्या मिलेटस या ग्रीक शहरानं मात्र सिबारिससाठी मुंडण करून सुतक पाळलं. पुढे इ.स.पू. 494 मध्ये इराण्यांनी मिलेटस घेतलं, तेव्हा उरलेल्या सिबारिसकरांनी साधा शोकही केला नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं हे बरोबर टिपून ठेवलंय.

सिबारिस-क्रोटोन युद्धात क्रोटोनला बाहेरून कुणाची मदत होती, यावर त्यानंच दोन्ही पक्षांचे जबाबही दिलेत. सिबारिसकर म्हणतात, स्पार्टाचा राजपुत्र डोरियस शत्रूच्या मदतीला आला होता. पुरावा म्हणून कोरड्या क्राथिसकाठचं त्यानं बांधलेलं अथेनाचं देऊळ दाखवतात. क्रोटोनकर म्हणतात, बाहेरचा एकच, ग्रीसमधल्या एलिसचा भविष्यवेत्ता कॅलियस. त्याच्या वंशजांकडे आम्ही दिलेली जमीन आहे, डोरियसच्या वंशजांकडे वीतभरही नाही. हिरोडोटस निकाल देत नाही, ज्याला जे पटेल ते घ्या म्हणतो. मला जमिनीचा पुरावा भारी वाटतो. तुझं मत कळव.

तुझा,
अविनाश