सिक म्हणजे नुसतं आजारी नव्हे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आमचा देवबागला छोटा होमस्टे आहे, चार खोल्या, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. जेवण घरचंच, सासूबाई आणि मी करतो. गेल्या मे महिन्यात कॉलेजची चार मुलं राहून गेली आणि त्याच रात्री त्यांचा गुगलवर रिव्ह्यू आला, इंग्रजीत, फिश थाळीबद्दल एकच वाक्य, थाळी वॉज सिक. माझे हातपायच गार पडले. सासूबाईंना सांगितलं तर त्या झोपेतून उठून बसल्या, म्हणाल्या, "बांगडो सकाळचोच होतो गो, रापणीवरचो, मगे असा कसा झाला?" रात्री अकरा वाजता त्या मुलांना फोन लावला, कोणाला उलट्या होतायत का, कुठे आहात, आम्ही गाडी घेऊन येतो. तर तो मुलगा म्हणतो, अहो काकी, सिक म्हणजे एकदम भारी, आम्ही तर बोटं चाटत होतो. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मगे बरा असा लिवक काय झाला तेंका?" पण त्या रात्री त्यांना काही झोप लागली नाही.

आता म्हणाल एवढ्यावर पत्र कशाला, तर पुढचं ऐका. ही गोष्ट वाडीत सगळ्यांना कळली. शेजारचा एक मुलगा स्कुबाच्या बोटीवर कामाला आहे, आठवड्याभरात त्याच्या बोटीवर एक मुलगी म्हणाली, आय ॲम फीलिंग सिक, आणि याला वाटलं तिला मजा येतेय, हा हसला आणि अंगठा वर केला. त्या बिचारीला बोट लागली होती, दोन मिनिटांत कठड्यावरून ओकायला लागली. पोरगा अजून ते मनाला लावून घेतो.

त्याची चूक नाही हो. इथे पर्यटनात काम करणाऱ्या मुलांसाठी इंग्लिश स्पीकिंगचा एक क्लास झाला होता, तिथे शिकवलं सिक म्हणजे आजारी, पुढचा शब्द. बाकीचं पोरांनी रस्त्यावर ऐकून शिकायचं, आणि मग ते असं अर्धवट कळतं. मी मुलीकडून मोबाईलवर डिक्शनऱ्या काढून घेतल्या तर भारी हा अर्थ त्यांच्यातही आहे, फक्त त्याच्यावर स्लँग असा शिक्का आहे, १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पोरांच्या बोलण्यातून तो वर आला. आणि ब्रिटिश माणूस आय वॉज सिक म्हणाला तर बहुतेक वेळा त्याला ओकारी झालेली असते, अमेरिकन म्हणाला तर तो आजारी होता. सिक ऑफ म्हटलं की वैताग. मला समजलं ते इतकंच की जेवणाला, लाटेला, बाईकला सिक म्हटलं तर कौतुक, आणि माणूस स्वतःबद्दल फीलिंग सिक म्हणाला तर आधी बादली आणा.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, भयंकर आवडलं म्हणतोच ना आपण. आमच्या सासूबाई पुण्याच्या एका पाहुण्याला पहिल्याच दिवशी "जेव रे मेल्या पोटभर" म्हणाल्या, त्याचा चेहराच पडला, मला मागून जाऊन सांगावं लागलं की दादा ही माया आहे, परक्याला त्या असं म्हणत नाहीत.

गावातल्या वाचनालयात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, १९३२ ते १९३८ या काळात आलेला. त्यात शब्दापुढे कंसात कु. म्हणजे कुडाळी, राजा. म्हणजे राजापुरी, गो. म्हणजे गोमंतकी असं लिहिलेलं सापडतं. मला हे फार आवडतं, कारण आमच्याकडचा शब्द त्यांनी चुकीचा म्हणून टाकून दिला नाही, तो कुठला आहे ते सांगितलं आणि कोशात घेतला. इंग्रजी शिकवताना असं का नाही करत? हा शब्द कोण बोलतं, कुठे, कशाबद्दल. आमच्या स्कुबाच्या पोरांना तर हे पटकन कळेल, कारण जमिनीवर अंगठा वर म्हणजे मस्त आणि पाण्याखाली तोच अंगठा वर म्हणजे आता वर चला, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात आणि कुणीही गोंधळत नाही.

म्हणून विनंती आहे की तुमच्या पेपरच्या सिंधुदुर्ग पानावर आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्या, एकच इंग्रजी शब्द, त्याचा डिक्शनरीतला अर्थ, पोरांच्या तोंडचा अर्थ आणि दोन वाक्यं. सुरुवात सिकपासूनच करा. गणपती झाले की बोटी परत पाण्यात उतरतील, त्याच्या आधी पहिली चौकट आली तर मी ती कापून जेट्टीवर चिकटवीन.

आपली,
एक होमस्टेवाली, देवबाग, ता. मालवण