मोर्सचा तक्ता नको, बोल छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हौशी रेडिओसाठी असो की स्काउटसाठी, मोर्स (आखूड आवाज म्हणजे टिंब, लांब आवाज म्हणजे रेघ, अशी संकेतलिपी) शिकायला बसलेला मुलगा आधी टिंब-रेघांचा तक्ता पाठ करतो. घोटाळा तिथेच होतो. आवाज आला की तो टिंबं मोजतो आणि मनातल्या तक्त्यात अक्षर हुडकतो. मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाला हे जमतं, कारण तिथे एक टिंबच जवळपास पाव सेकंद वाजतं. दहा शब्दांच्या आसपास गाडी अडते. मोजून होईस्तोवर पुढचं अक्षर येऊन गेलेलं असतं. पुढे कितीही सराव केला तरी वेग हलत नाही, आणि मोजायची ही सवय फार चिवट असते.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाची लय बिघडली तर ती कामगाराच्या कानाला आधी कळते. तो खटके मोजत बसत नाही. मोर्सही असाच कानाने शिकायचा असतो.

अक्षर पहिल्या दिवसापासून वीस शब्दांच्या वेगाने ऐकावं : टिंब ६० मिलिसेकंद, रेघ १८०. सवड हवी तर दोन अक्षरांमधली जागा वाढवावी आणि एकूण वेग आठवर आणावा. अक्षर मात्र ताणू नये. सुरुवात दोनच अक्षरांनी करावी. रेघेला ‘डा’ आणि टिंबाला ‘डि’ म्हटलं, तर के म्हणजे ‘डा-डि-डा’, एम म्हणजे ‘डा-डा’. तबल्याचे बोल म्हणतात तसे हे तोंडाने म्हणावेत. मग पाच मिनिटं ऐकून पेन्सिलीने उतरवावं. आठच्या वेगाने साधारण २०० अक्षरं होतात. चुका वीसच्या आत असतील तरच तिसरं अक्षर घ्यावं. पूर्ण वेगात एकेक अक्षर वाढवत नेण्याची ही रीत लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात घालून दिली.

अक्षर सुटलं तर कागदावर आडवी खूण करून पुढे जावं. ‘आत्ता काय वाजलं?’ म्हणून मागे पाहिलं की पुढची तीन अक्षरं हातची जातात. नवशिक्याची बरीच अक्षरं अशीच हुकतात.

एस, एच आणि ५ म्हणजे तीन, चार आणि पाच ‘डि’. हे हमखास गोंधळतात. त्यातले दोनच एका वेळी मिसळून ऐकावेत. ध्वनिफीत रोज तीच लावली तर ती पाठ होते. म्हणून पाच-पाच अक्षरांचे नवे, अर्थहीन गट संगणकाकडून करून घ्यावेत. सलग तासभर बसण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटं बरी. थकलेल्या कानात चुकाच पक्क्या होतात.

आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ७००० किलोहर्ट्झच्या किंचित वर हौशी मंडळींचा मोर्स आजही ऐकू येतो. बालपुरवणीत कधी मोर्स आलाच, तर तक्त्याऐवजी ‘डा-डि-डा’ असे बोल छापावेत, ही कळकळीची विनंती.

— हौशी रेडिओप्रेमी, सोलापूर